सँटोरिनीचं कड्यावरचं हॉटेल, मिस्टरांचे गुडघे आणि श्रावण

निफाडची_सून

नमस्कार मंडळी, दोन वर्षं नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या लग्नाला यंदा २५ वर्षं झाली. लग्न मे मधलं, पण मे मध्ये हे द्राक्षबागेतून हलत नाहीत, एप्रिल छाटणी झालेली असते, मग फुटवे काढा, सबकेन करा (शेंडा खुडून बाजूची काडी वाढवायची), विहिरीला पाणी किती राहिलं ते रोज बघा, त्यामुळे २५ वर्षांत लग्नाचा एकही वाढदिवस आम्ही घराबाहेर केला नाही. यंदा देवाच्या दयेने माल चांगला गेला. लेक पुण्याला जॉबला आहे, ती म्हणाली आई आता बास, शिर्डी आणि सप्तशृंगी गड सोडून कुठेतरी जा दोघंच. आणि मोबाईलवर ते ग्रीसच्या सँटोरिनी बेटावरचं हॉटेल दाखवलं. पांढरंशुभ्र, कड्याला चिकटलेलं, खोली डोंगराच्या पोटात, खोलीसमोर एवढासा स्विमिंग पूल आणि खाली एकदम निळं पाणी. मी बघतच राहिले हो.

आता अडचणी. ह्यांच्या उजव्या गुडघ्यात गॅप आलाय, डॉक्टरांनी पायऱ्या कमी करा असं सांगितलंय आणि फोटोत तर जिकडे बघावं तिकडे पायऱ्याच आहेत. गणपती सप्टेंबरच्या मध्यात आहेत आणि त्यानंतर गोडी छाटणीची (फळासाठीच्या छाटणीची) गडबड, म्हणजे ऑगस्ट अखेर ते सप्टेंबरचा पहिला आठवडा एवढीच फट मिळते. तेव्हा नेमका श्रावण, आम्ही दोघं कडक पाळतो. आणि भाव, रात्रीचे सहाशे युरो! युरो शंभरच्या आसपास धरला तरी साठ हजार झाले एका रात्रीचे, हे म्हणाले एवढ्यात बागेला शेणखत येतं. नाशिकरोडचे एक एजंट म्हणतात आठ रात्रींचं पॅकेज घ्या, सगळ्या रात्री कड्यावरच. कोणी जाऊन आलंय का? हा एवढा खर्च करण्यासारखा आहे का नुसतं फोटोतच छान दिसतं?

सातपूरचा_भटक्या

ताई, आम्ही दोन वर्षांपूर्वी जाऊन आलोय, बायको आणि मी, जरा लांबलचक लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी तो कडा काय आहे ते समजून घ्या म्हणजे बाकी सगळं आपोआप कळेल. सँटोरिनी म्हणजे बुडालेल्या ज्वालामुखीची कड आहे. मधला भाग खचून समुद्र आत आला त्याला काल्डेरा म्हणतात, आणि उरलेली कड चंद्रकोरीसारखी, आतल्या बाजूने सरळ तुटलेली, जागोजागी तीनशे मीटरपर्यंत उंच. त्या तुटलेल्या बाजूला वरून खाली गावं लोंबकळलेली आहेत, फिरा, फिरोस्तेफानी, इमेरोविग्ली आणि टोकाला इया (स्पेलिंगवरून लोक ओइया म्हणतात, पण तिथे इयाच म्हणतात). बाहेरची बाजू मात्र आपल्या शेतासारखी हळूहळू उतरत जाते आणि तिकडे काळ्या वाळूचे किनारे, कामारी आणि पेरिसा. म्हणजे कड्यावरच्या हॉटेलाखाली बीच वगैरे काही नसतो, तिथून पाणी फक्त बघायचं.

गाड्यांचा रस्ता कड्याच्या वरच्या काठावर आहे. हॉटेल त्याच्या खाली. म्हणजे गडावर आधी चढायचं आणि मग देवी असते, इथे उलटं, आधी उतरायचं, आणि रोज जेवायला, फिरायला, पाण्याची बाटली आणायला वर चढायचं. लिफ्ट जवळपास कुठेच नाही कारण सगळं त्या भुसभुशीत खडकात कोरलेलं. आमच्या खोलीला रस्त्यापासून १४० पायऱ्या होत्या, मी मोजल्या, दुसऱ्या दिवशी बायकोनेही मोजल्या कारण तिचा विश्वास बसेना. पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, एक वीतभर तर दुसरी दीड वीत, बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, आणि पांढऱ्या रंगावर दुपारचं ऊन पडलं की डोळे दिपतात, कड कुठे संपते तेच कळत नाही. सामान हॉटेलची पोरं खांद्यावर घेऊन उतरतात, आमच्या २३ किलोच्या बॅगेत ठेपले आणि चिवडा होता, त्या पोराकडे बघून मला लाजच वाटली.

म्हणून बुकिंगच्या आधी हॉटेलला मेल टाकून तीन आकडे मागा: रस्त्यापासून रिसेप्शनपर्यंत पायऱ्या किती, रिसेप्शनपासून खोलीपर्यंत किती, आणि नाश्ता खोलीत येतो का वर जावं लागतं. 'फ्यू स्टेप्स' असं उत्तर आलं तर परत विचारा, आकडा द्या म्हणून. त्यांचं फ्यू आणि आपलं थोडं यात फार फरक आहे. वरच्या पट्टीतल्या काही हॉटेलांना पंधरा-वीस पायऱ्यांतच खोली मिळते, तिथून दिसतं तेच, उलट जास्तच दिसतं. फक्त डोक्यावरच्या वाटेवरून जाणारे येणारे तुमच्या पुलात डोकावतात, ते एक.

पुलाचं पण सांगतो. फोटोत तरुण जोडपं संध्याकाळी पाण्यात ग्लास घेऊन बसलेलं असतं. आमचा पूल गरम केलेला नव्हता, 'हीटेड' असं लिहिलेलं नसेल तर तो गार असतो असं समजून चाला. शिवाय जुलै ऑगस्टमध्ये तिथे उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो, दोन दोन दिवस थांबत नाही. मी पाच मिनिटं बसलो, त्यातली चार फोटोसाठी.

आता सूर्यास्त. सगळे इयाला पळतात, तिथल्या पडक्या किल्ल्यावर तासभर आधीपासून मुंगीला जागा नसते. पण इयाची बरीचशी काल्डेराकडची हॉटेलं दक्षिणेला तोंड करून आहेत, खोलीतून काल्डेरा दिसतो, सूर्य समुद्रात बुडताना दिसेलच असं नाही. आमच्या एजंटने 'सनसेट व्ह्यू' म्हणून जी खोली दिली होती तिथून सूर्य शेजारच्या हॉटेलच्या पाण्याच्या टाकीमागे मावळायचा. इमेरोविग्ली पश्चिमेकडे बघतं, सगळ्यात उंचावर आहे आणि संध्याकाळी शांत. तुम्ही दोघंच आहात, गप्पा मारत बसायचं असेल तर मी तिथेच सांगेन. अजून एक, 'सी व्ह्यू' आणि 'काल्डेरा व्ह्यू' यात गल्लत करू नका, सी व्ह्यू म्हणजे बाहेरच्या बाजूचा साधा समुद्र पण असू शकतो.

माझं मत विचाराल तर आठ रात्री अजिबात नको. दोन रात्री कड्यावर, बाकी कामारीला सपाट जागी. तिसऱ्या दिवशी आम्ही त्या निळ्या पाण्याकडे बघायचंच विसरलो होतो, पायऱ्या मात्र रोज आठवायच्या.

निफाडची_सून

दादा किती छान सविस्तर लिहिलंत!! १४० वाचून ह्यांनी चष्मा काढून ठेवला. पाण्याच्या टाकीमागचा सूर्यास्त वाचून मात्र हसले.

गावठी_मुत्सद्दी

साठ हजार रात्रीला?? सापुताऱ्याला जा की. नाहीतर गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला खोली घ्या, समोर पाणी, मागे डोंगर, पायरी एक पण नाही, आणि सकाळी मिसळ. ग्रीसमध्ये मिळेल का मिसळ?

सातपूरचा_भटक्या

काका २५ वर्षं त्या गंगापूर धरणाच्याच पाण्याकडे बघतायत सगळे. जाऊ द्या ना त्यांना.

खडकवाला_मास्तर

मी जाऊन आलेलो नाही पण शाळेत भूगोल शिकवायचो त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहितो.

साधारण इ.स.पू. १६०० च्या आसपास तिथे महाप्रचंड उद्रेक झाला. त्या राखेखाली एक अख्खं गाव गाडलं गेलं, अक्रोतिरी, १९६७ पासून तिथे खोदकाम सुरू झालं, दुमजली घरं, सांडपाण्याची गटारं, भिंतींवरची रंगीत चित्रं सगळं निघालं. त्या जागेवर आता छप्पर आहे आणि चालायला बांधलेले मार्ग आहेत, निफाडच्या ताई, तुमच्या मिस्टरांना कड्यापेक्षा ते सोपं जाईल, हे नक्की बघा.

आणि त्या 'लक्झरी' गुहा मुळात गरिबांची घरं होती बरं का. राख आणि प्युमिसचे (ज्वालामुखीच्या हलक्या, सच्छिद्र दगडाचे) थर मऊ असतात, लाकूड बेटावर फारसं नाही, मग लोकांनी कड्यातच आडवं कोरून घरं केली, उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. इयामध्ये जहाजांचे कप्तान वर मोठ्या हवेल्यांत राहायचे आणि खलाशी खाली या बिळांत. आपली पांडवलेणी कठीण बेसाल्टमध्ये कोरलीत, त्याला राजाश्रय लागला, यांना कुदळ पुरली. दोन्ही ज्वालामुखीचंच देणं, फक्त आपला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांचा म्हातारा आणि त्यांचा अजून जिवंत, काल्डेराच्या मधल्या बेटावर शेवटचा उद्रेक १९५० चा. ९ जुलै १९५६ ला मोठा भूकंप झाला, इयाची कितीतरी घरं कोसळली, लोक बेट सोडून गेले. नंतर १९७० च्या दशकापासून ग्रीक सरकारच्या पर्यटन खात्याने ती पडकी घरं दुरुस्त करून पाहुण्यांसाठी खोल्या केल्या, तिथून हा सगळा थाट सुरू झाला. म्हणजे खलाशाच्या बिळाचे आज साठ हजार.

२०२५ च्या जानेवारी फेब्रुवारीत पण हजारो लहानमोठे धक्के बसले, अकरा हजारांच्या वर लोक बेट सोडून गेले होते, शाळा बंद होत्या. पुढे ते शांत झालं आणि त्याच वर्षी पर्यटक परत आले. घाबरवत नाही, पण इन्शुरन्स घेताना ट्रिप कॅन्सल झाली तर पैसे मिळतात का हे वाचून घ्या.

पिंपळगावचा_बागायतदार

वहिनी तुम्ही हे सगळं सोडा, साहेबांना मी काय सांगतो ते वाचून दाखवा.

मी चार वर्षांपूर्वी तिथे गेलो ते फक्त द्राक्ष बघायला. साहेब, मांडव नाही, वाय आकाराचा आधार नाही, तार नाही, बांबू नाही. वेल जमिनीवर टोपलीसारखी गोल गोल विणलेली, आपल्याकडे डोक्यावर पाटी घ्यायला चुंबळ करतात ना तशी, आणि घड त्या चुंबळीच्या आत. कुलुरा म्हणतात. तो मेल्तेमी वारा फूल आणि फळ झोडपून काढतो आणि राखाडी जमीन उन्हाने भाजते, म्हणून वेलीचीच टोपली करून घडाला आडोसा. ड्रिप बघायची सवय झालेल्या माणसाला तिथे उभं राहून चुकल्यासारखं होतं, बहुतेक जुन्या बागांना पाणीच देत नाहीत, पाऊस जेमतेम, रात्री समुद्राची दमट हवा येते तो ओलावा प्युमिसचे खडे धरून ठेवतात आणि त्यावरच वेल जगते. टोपली फार जुनी झाली, उत्पन्न घसरलं की वरून कापून टाकायची, खालच्या मुळातून परत नवीन. त्यामुळे वरची वेल काही दशकांची आणि मुळं त्याहून कितीतरी जुनी.

आणि रूटस्टॉक (कलमासाठी खाली लावतात तो दुसऱ्या जातीचा खुंट) नाही! आपण डॉगरिजवर कलम केल्याशिवाय पान हलत नाही, तिथे वेल स्वतःच्या मुळावर उभी. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेराने युरोपातल्या बागा साफ केल्या, पण त्या किडीला या राखेच्या रेताड जमिनीत जगता येत नाही, म्हणून हे बेट वाचलं. मुख्य जात असिर्तिको, पांढरी, उन्हात पिकूनही आंबटपणा सोडत नाही. उत्पन्न एवढं कमी की आपला माणूस ऐकून हसेल, पण दर ऐकून थांबेल.

खुडणी तिकडे ऑगस्टमध्येच होते, वेंदेमा म्हणतात. तुम्ही महिना अखेर पोचलात तर एखाद्या बागेत शेवट शेवटचं चालू असेल, उन्हात सुकत घातलेली द्राक्षं पण दिसतील, त्याची गोड विन्सान्तो करतात. एकसो गोनिया, मेगालोखोरी या गावांकडे वायनरी आहेत, त्या भागात चाल फार नाही. श्रावण आहे म्हणता तर चव घेऊ नका, माती हातात घ्या. मी खिशात घालून आणणार होतो, बायको म्हणाली विमानतळावर पकडतील.

हॉटेल कुठलं घेतलं होतं ते मला आठवत पण नाही.

निफाडची_सून

दादा, तुमचं सगळं वाचून दाखवलं. आठ दिवसांत पहिल्यांदा ह्यांनी स्वतःहून विचारलं, 'रूटस्टॉक नाही म्हणजे नेमाटोडचं (मुळांना लागणाऱ्या सूत्रकृमीचं) काय करतात?' आता मला काय माहीत!

शाकाहारी_पण_भटकी

खाण्याचं मी सांगते. उपाशी नाही राहणार. सँटोरिनीचा 'फावा' म्हणून पदार्थ आहे, पिवळ्या डाळीचं घट्ट वाटण, वर कांदा आणि ऑलिव्हचं तेल, आपण लाख डाळ म्हणतो ना तिच्याच कुळातली ती डाळ. मला तर घट्ट वरण खाल्ल्यासारखं वाटलं, सोबतच्या ब्रेडला मनातल्या मनात भाकरी म्हणायचं. दुसरं टोमॅटोकेफ्तेदेस, तिथल्या छोट्या टोमॅटोची पुदिना घातलेली भजी, गरम असताना खा. भाज्या भरलेली सिमला मिरची, टोमॅटो म्हणजे गेमिस्ता, पण त्यात कधी कधी खिमा असतो, विचारूनच घ्या.

एक शब्द पाठ करा, 'निस्तिसिमो'. म्हणजे उपासाचं. त्यांच्याकडे पण उपास असतात, १ ते १४ ऑगस्ट मेरीमातेचा उपास आणि १५ ला मोठा सण, एका प्रकारे त्यांचाही श्रावणच म्हणा. निस्तिसिमो म्हटलं की मांस, मासे, अंडी, दूध काही नसतं. पण!! शिंपले, कोळंबी आणि ऑक्टोपस त्यांच्या उपासाला चालतात, मला ताटात ऑक्टोपसचा पाय दिसला तेव्हा हे कळलं. म्हणून निस्तिसिमो म्हणा आणि वर समुद्रातलं काही नको असंही म्हणा. आणि तुमचा श्रावण खरंच कडक असेल तर फेटा चीजमध्ये पारंपरिक पद्धतीत जनावराचं रेनेट असतं, ते तुमचं तुम्ही ठरवा.

नळाचं पाणी पिऊ नका, समुद्राचं गोडं केलेलं असतं, चव विचित्र. टॉयलेटमध्ये जेट नसतो आणि कागद डब्यात टाकायचा, कमोडमध्ये नाही, पाइप बारीक असतात. पंचतारांकित असलं तरी. एक प्लास्टिकचा मग बॅगेत टाका, कोणी हसणार नाही.

गावठी_मुत्सद्दी

साठ हजार देऊन मग घरून न्यायचा 😂

ओझरकर

हसून झालं असेल तर कागदपत्रांचं बघा कारण वेळ कमी आहे. शेंगेन व्हिसा लागतो, फी ९० युरो, शिवाय सेंटरचे चार्जेस वेगळे, आणि ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, ऑगस्टचं जायचं तर मे-जूनमध्येच मुंबईची अपॉइंटमेंट बघा, उन्हाळ्यात तारखा मिळत नाहीत. शेतीचं उत्पन्न असलं की आमच्या वडिलांच्या वेळी सातबारा, द्राक्ष विक्रीच्या पट्ट्या, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि रिटर्न सगळं लावलं होतं, मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर करून. आदल्या आठवड्यात खात्यात एकदम दहा लाख टाकून स्टेटमेंट सजवू नका, ते बरोबर ओळखतात.

अथेन्सहून बोट की विमान, तर गुडघ्यासाठी विमान, पाऊण तासात पोचता. पिरेयसहून बोटीला फास्टवाली घेतली तरी पाच तास, साधीला आठ, वारा असला की पोटातलं सगळं वर, आणि उतरल्यावर अथिनियोस बंदरातून वर यायला जी वळणं आहेत ती बघून जुना कसारा आठवतो. फिराच्या जुन्या बंदराला ५८८ पायऱ्या आहेत, तिथे जायचंच झालं तर रोपवेने जा, आपल्या गडावर फ्युनिक्युलर आहे तसं समजा. गाढवं पण असतात, पण ती उन्हात फार हाल काढतात, २०१८ मध्ये तिथल्या सरकारला १०० किलोच्या वर ओझं लादायचं नाही असा नियम करावा लागला. नका बसू.

आणि हॉटेलच्या भावात एक टॅक्स धरलेला नसतो, एप्रिल ते ऑक्टोबर पंचतारांकितला खोलीमागे रात्रीचे १५ युरो, चार तारेवाल्याला १०, निघताना काउंटरवर मागतात. आमच्या वडिलांचं तिथे भांडण व्हायची वेळ आली होती. पॅकेजवर इकडे टीसीएस (आगाऊ आयकर) पण कापतात, तो रिटर्न भरताना मागून घ्या.

लेकरांची_आई_इंदिरानगर

सँटोरिनीच हवं का कडा हवा, एवढं ठरवा. कडा, समुद्र आणि रोमँटिक एवढंच हवं असेल तर सिसिलीतलं ताओर्मिना बघा. गाव उंचावर, समोर एटना, धूर सोडणारा, जुनं ग्रीक नाट्यगृह, आणि मुख्य म्हणजे मधला रस्ता बऱ्यापैकी सपाट, गाड्या नाहीत, खाली बीचला केबल कारने जाता येतं. माझ्या सासूबाई सत्तरीत आरामात फिरल्या. गल्लीबोळात पायऱ्या आहेतच पण टाळता येतात.

निफाडची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सांगितलंत की वहीत लिहून घेतलंय. ताओर्मिना मला आवडलं होतं पण आता हे ऐकायला तयार नाहीत, त्यांना ती चुंबळ बघायचीय.

तर असं ठरलंय. आठ रात्रींचं पॅकेज नको म्हणून एजंटना सांगितलं, ते जरा नाराज झाले. इमेरोविग्लीला दोन रात्री, पुढे कामारीला चार. लेकीने चार हॉटेलांना मेल टाकले होते पायऱ्यांचे आकडे विचारून. दोघांनी उत्तरच दिलं नाही. एकाने लिहिलं 'फ्यू स्टेप्स' (सातपूरचे दादा 🙏). चौथ्याने मात्र नीट लिहून पाठवलं, रस्त्यापासून रिसेप्शन १२, तिथून खोली १९, नाश्ता खोलीत, पूल गरम, आणि कठडा आहे असा फोटो पण जोडला. भाव सहाशेच्या जागी पाचशे दहा, पूल छोटा आहे म्हणून.

ह्यांना सांगितलं, एकूण ३१. हे उठले, आपल्या गच्चीच्या पायऱ्या मोजून आले, २२ निघाल्या. परत मोजल्या. आता रोज संध्याकाळी बागेतून आले की दोनदा वर खाली करतायत, डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले हळूहळू करा, कठडा धरून. आणि मला कालच विचारत होते की माती आणायची तर किती ग्रॅम चालते. कोणाला माहीत आहे का?